अडीच लिटरचा फरक

“काटा चुकतोय,” गाडीतून उतरता उतरताच बाबांनी निकाल देऊन टाकला. दार मात्र त्यांनी हलकेच लावलं. या गाडीचं दार आजवर कुणी आपटलेलं नव्हतं, आणि रागातही बाबांना तेवढं भान होतं.

धाकटी दुकानाच्या शटरखाली उभी होती, हातात तेलकट फडकं. सकाळी आठला गाडी बाहेर पडली तेव्हाही ती तिथेच उभी होती. मधल्या वेळात तिने एका ट्रॅक्टरचं मीटर खोलून, साफ करून परत बसवलं होतं, म्हणजे ती वाट बघत बसली होती असं कुणाला म्हणता आलं नसतं.

“कितीने चुकतोय?” तिने विचारलं.

“अडीच लिटरने. शंभर किलोमीटर चालवली, मोजून शंभर. मोठ्या पुलापर्यंत पन्नास, येताना पन्नास. अठराच्या हिशेबाने साडेपाच लिटर जायला हवं. तुझा काटा म्हणतो आठ गेलं.”

“मग आठ गेलं असेल.” लगेच स्वतःचंच वाक्य तिने दुरुस्त केलं. “असेल नाही. आठच गेलंय.”

मागच्या सीटवरून आत्या एकेक पाय खाली ठेवत उतरत होती. तिने वर बघितलं. आत्या बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, आणि समोरचा माणूस खात्रीने बोलतोय की आवाज चढवून बोलतोय हे तिला बरोबर कळायचं. धाकटीचा आवाज चढलेला नव्हता.

“अठराची गाडी आहे ही,” बाबा म्हणाले.

अठरा हा आकडा या घरात वाढदिवसांपेक्षा जास्त वेळा उच्चारला गेला होता. एवढी जुनी गाडी, एवढं मोठं इंजिन, आणि तरी लिटरला अठरा किलोमीटर. पाहुणे आले की चहाच्या आधी अठरा यायचं. दादाच्या लग्नाच्या बोलणीत बाबांनी व्याह्यांना ते पहिल्या दहा मिनिटांत ऐकवलं होतं, आणि व्याह्यांनी दादाचा पगार विचारायच्या आधी गाडीला प्रदक्षिणा घातली होती. पेट्रोलचा काटा गेली कित्येक वर्षं अर्ध्याच्या जरा वर अडकून पडलेला. पण बाबांचं त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. पाचशे किलोमीटर झाले की टाकी भरायची, अठ्ठावीस लिटर बसायचं, हिशेब चोख. सगळ्या शहराच्या गाड्यांचे काटे लावणाऱ्या माणसाच्या गाडीचा काटा बंद, म्हणून लोक चेष्टा करायचे. बाबा कपाळावर बोट ठेवून सांगायचे, “माझा काटा इथे आहे.”

त्याच गाडीवरून आज दुकान कुणाचं हे ठरायचं होतं.

आजोबांनी दुकान मुलाला आणि मुलीला, म्हणजे बाबांना आणि आत्याला, अर्धंअर्धं दिलं होतं, आणि त्यावरून तेव्हा झालेलं रामायण घरात सगळ्यांना पाठ होतं. आता बाबांचे हात थरथरायला लागले होते. केसाएवढा काटा चिमट्यात धरून खिळीवर बसवायचं काम त्या हातांनी होईना. सात वर्षं त्यांच्या शेजारी बसून धाकटीच ते करत होती. दादाचं म्हणणं वेगळं होतं. तो विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघून त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. जुन्या गाड्या संपत चालल्यात, नव्या गाड्यांत काटेच नाहीत, पुढचा गाळा एखाद्या पॅथॉलॉजी लॅबला द्यावा आणि धाकटीने कुठेतरी रीतसर नोकरी धरावी, असं त्याला मनापासून वाटायचं. सहीचे कागद आत्याच्या पर्समध्ये होते, दोन्ही प्रकारचे.

आठ दिवसांपूर्वी बाबांनीच अट घातली होती. “गिऱ्हाइकं तुझं कौतुक करतात ती माझ्याकडे बघून. माझ्या गाडीचा काटा लावून दाखव. मी चालवून बघेन. बरोबर निघाला तर दुकान तुझं.” आत्याला अट पटली. दादालाही पटली, कारण बाबांना कधी कुणाचं काम एका फटक्यात पसंत पडल्याचं त्याला आठवत नव्हतं.

धाकटीने आठवडाभर तेच एक काम हातात घेतलं होतं. बॅटरीची वायर काढून डिकीतल्या टाकीवरचे सहा स्क्रू सोडवले, आतलं पेट्रोलची पातळी मोजणारं युनिट बाहेर काढलं. दांडी सांध्यात चिकटून बसली होती; काटा अर्ध्यावर अडकायचं कारण ते. दांडीच्या टोकाचा पितळी फ्लोट, पेट्रोलवर तरंगणारा पोकळ गोळा, कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं. तिने तो गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे कुठून येतात ते बघून खूण केली, पेट्रोल काढून तीन दिवस उन्हात वाळवला, मगच भोक झाळून बंद केलं. मग डायलच्या पाठीमागचे दोन स्क्रू, एक रिकाम्याचा, एक भरल्याचा, पुन्हा पुन्हा फिरवत काटा जुळवला. काल टाकी पूर्ण रिकामी करून लिटरच्या मापाने एकेक लिटर ओतलं. काचेवर कागदाची पट्टी चिकटवून प्रत्येक लिटरला काटा कुठे येतो त्याची पेन्सिलीने रेघ मारली, आणि तसंच टाकीत एक लाकडी पट्टी उभी बुडवून तिच्यावरही खुणा केल्या. अडतीस लिटर, अडतीस रेघा. शेवटची रेघ मारून ती वर जेवायला गेली आणि तीन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता तिने तीच लाकडी पट्टी खुंटीवरून काढली, टाकीचं झाकण उघडलं, पट्टी सरळ आत सोडली आणि बाहेर काढून बाबांच्या डोळ्यांसमोर धरली. पट्टी तिसाच्या खुणेपर्यंत ओली होती.

“अडतीसातून आठ गेले. काटा तीस म्हणतोय, पट्टी तीस म्हणतेय.”

बाबांनी चष्मा वर करून खूण बघितली. मग खाली करून बघितली. पट्टी खोटं बोलत नव्हती, एवढं त्यांनाही मान्य करावं लागलं. पण बाबा असे हार मानणाऱ्यांतले नव्हते.

“काटा बरोबर आहे म्हणजे पेट्रोल गळतंय,” ते म्हणाले. “पॅकिंग नीट बसलं नाही तुझं. अडीच लिटर रस्त्यावर सांडत आलो आम्ही.”

बाबांच्या शेजारच्या सीटवरून उतरलेल्या दादाचा चेहरा बदलला.

खरं तर तोपर्यंत दादाला बहिणीची बाजू घ्यावीशी वाटायला लागली होती. येताना गाडीत बाबा दर दहा किलोमीटरला काट्याकडे बघून ‘च्च’ करत होते आणि त्याला धाकटीची दया येत होती. पण गळती म्हटल्यावर तो भाऊ राहिला नाही, सर्व्हेअर झाला. जळलेल्या गाड्या त्याने पाहिल्या होत्या.

“हे बघ,” तो धाकटीला म्हणाला, “काटा चुकला असता तर मी काही बोललो नसतो. पुन्हा लावला असतास. पण आत्या बसली होती मागे. तिच्या पाठीशी टाकी. गळती म्हणजे गंमत नाही.”

“गळती नाहीये, दादा.”

“मग वास कसला येतोय?”

“आत्ता झाकण उघडलं त्याचा. वाक आणि बघ.”

त्याने खरोखर पँटचे गुडघे मळवून गाडीखाली डोकं घातलं. थेंब पडला तर दिसावा म्हणून धाकटीने गाडीखाली एक कोरडं वर्तमानपत्र सरकवलं. टाकीचा तळ, पाइप, नळीचा सांधा, सगळीकडे त्याने बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. डिकीतलं सामान हलवून युनिटचं झाकण बघितलं. कोरडं ठणठणीत. पण दादाचं एक होतं, डोक्यात बसलेलं सहजी निघत नसे.

“चालताना गळत असेल. हिसक्याने.”

“हिसक्याने वरून सांडलं तर डिकीतला गालिचा ओला होईल. तो कोरडा आहे.”

“मग अडीच लिटर गेलं कुठे?” आत्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. सकाळी ती भाचीच्या बाजूने आली होती, कुणाला न सांगता धाकटीच्या नावाचे कागद पर्समध्ये वर ठेवून. आता तिने पर्स बंद केली. “कारण सांग मला. मी तुझ्याविरुद्ध नाही. पण हा बावीस वर्षं अठरा सांगतोय, आणि पंपावर तेवढंच बसतं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पाचशेला अठ्ठावीस. मग आजच आठ कसं लागलं? तुझ्या हातून काही राहिलं असेल तर तसं बोल.”

धाकटी उत्तर द्यायला गेली आणि थबकली.

पाचशेला अठ्ठावीस बसत होतं, ते खरं होतं. काटाही खरा होता. दोन्ही खरं असायला एकच वाट होती: मधे कुणीतरी टाकीत पेट्रोल घालत होतं. आणि तिला एकदम गुरुवार आठवले. शाळेतून आल्यावर आई गाडी काढायची, मावशीकडे जायला. ती मागे बसायची. दर गुरुवारी वाटेत पंप यायचा, आई काच खाली करायची, आणि ती मागच्या सीटवर नाक वर करून पेट्रोलचा वास छातीभर घ्यायची. मावशीकडे जायचं म्हणजे पंपावर थांबायचं, असंच तिला लहानपणी वाटायचं. त्यात बाबांना सांगण्यासारखं काही असेल हे तेव्हा सुचलं नाही आणि नंतर ती विसरून गेली.

आई त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन जिन्यावरून उतरत होती. धाकटीने तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

“माझ्या हातून काही राहिलेलं नाही,” ती आत्याला म्हणाली. “काटा बरोबर आहे, टाकी बरोबर आहे. अडीच लिटर कुठे गेलं ते मला सांगता येणार नाही.”

“सांगता येणार नाही म्हणजे? माहीत नाही?”

“सांगता येणार नाही, आत्या.”

“मग मला सही करता येणार नाही,” आत्या म्हणाली. तिला वाईट वाटत होतं आणि ते तिने लपवलं नाही. दादाने गुडघे झटकले. बाबा शटरच्या खांबाला टेकून उभे राहिले. जिंकल्यासारखे ते दिसत नव्हते. मुलीचं काम चुकावं असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं, फक्त आपलं चुकलंय हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

आईने ट्रे कामाच्या टेबलावर ठेवला. चिमटे आणि स्क्रू बाजूला सारायचे असतात हेही ती विसरली.

पोरीने ओळखलंय, हे तिला त्या एका नजरेत कळलं होतं. ओळखलंय आणि तोंडातून ब्र काढत नाहीये. सात वर्षांची मेहनत हातची चाललीय, एक वाक्य बोललं की परत मिळते, आणि ही कार्टी बापाची अब्रू राखत उभी आहे. आईला अभिमानही वाटला आणि स्वतःची भयंकर लाजही. आपण सुरू केलेलं निस्तरायचं काम लेकरावर ढकलून चहा ओतत बसायचं, एवढं काही तिचं काळीज घट्ट नव्हतं.

“गळती नाहीये,” ती म्हणाली. “मी घालत होते.”

“काय घालत होतीस?” बाबांनी विचारलं.

“पेट्रोल. दर गुरुवारी सहा लिटर. बहिणीकडे जाताना.”

दादा मनातल्या मनात गणित करत होता ते त्याच्या ओठांवरून दिसत होतं. पंधरवड्याला पाचशे किलोमीटर. दोन गुरुवार, बारा लिटर. अठ्ठावीस आणि बारा, चाळीस.

“साडेबारा,” तो पुटपुटला. “लिटरला साडेबारा. आई, अगं मी ऑफिसात सगळ्यांना अठरा सांगत आलोय.”

“तू साडेबारा सांगितलं असतंस तर तुझं काय बढतीचं अडलं असतं?” आई म्हणाली. मग ती बाबांकडे वळली. “चौकात गाडी बंद पडली होती ते आठवतंय? टाकी कोरडी. भर चौकात लोक म्हणाले, मीटरवाल्याच्या गाडीत पेट्रोल नाही. हसले. तुम्ही गाडी ढकलत घरी आणलीत आणि दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, काटा नको नि काही नको, मी डोक्याने चालवतो, पाचशेला भरतो. पाचशेला नसतं पुरलं, अहो. पुन्हा कुठेतरी बंद पडली असती. म्हणून मी थोडं घातलं. एकदाच घालायचं होतं. पण पुढच्या खेपेला तुम्ही पंपावरून इतके खुशीत आलात, म्हणालात अठरा देते, अठरा. मग मला थांबता येईना.”

“बावीस वर्षं?” आत्या म्हणाली.

“यांच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर नाही घातलं. तेव्हा गाडी उभीच होती.”

आत्याला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, मुख्याध्यापिकेला शोभेल असा खोकला काढून बघितला, आणि शेवटी स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दादाही हसला. धाकटी हसली नाही. ती बाबांकडे बघत होती.

बाबा आत गेले. आपल्या टेबलाशी, आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

राग आला होता, खूप आला होता. व्याह्यांपासून पंपवाल्यापर्यंत किती लोकांसमोर आपण बोट कपाळाला लावलं असेल, ते त्यांना एकेक करून आठवत होतं. आणि त्या प्रत्येक वेळी ही शेजारी उभी राहून मान डोलवत होती. मग चौकातला तो दिवस आठवला. गाडी ढकलताना दुसऱ्या बाजूला कोण होतं? हीच होती. साडीचा पदर खोचून, पाच वर्षांच्या धाकटीला स्टिअरिंगपाशी बसवून. रस्ताभर एक अक्षर बोलली नव्हती. ते आठवल्यावर राग जागच्या जागी विरला असं नाही, पण तो धरून ठेवायला मन घेईना. आपल्याला बावीस वर्षं कुणीतरी इतकं जपत होतं, आणि आपल्याला वाटत होतं की गाडी चांगली आहे.

त्यांनी मान वळवली. धाकटी दारात उभी होती.

“तू केव्हा ओळखलंस?”

“आत्याने विचारलं तेव्हा.”

“मग बोलली का नाहीस? दुकान चाललं होतं की हातचं.”

“काटा बरोबर आहे, हे मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “त्यापुढचं माझं काम नव्हतं.”

“चिडली नाहीस? गळती म्हणालो मी. पॅकिंग बसवता येत नाही म्हणालो.”

“चिडले. पण मला माहीत होतं ना, गळत नाहीये.”

काम पसंत पडलं की बाबा काही बोलत नसत, दुसरं काम पुढे सरकवत. सात वर्षांत तिला कौतुकाचा एवढाच नमुना माहीत होता. आताही ते नुसते उठून बाहेर आले, गाडीपाशी गेले आणि चालकाच्या बाजूला न जाता दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसले.

“अहो, कुठे?” आईने विचारलं.

“तू चालव,” ते म्हणाले. “टाकी भरून आणू. चल गं, तूही बस मागे.”

“चहा गार होतोय,” आत्या म्हणाली.

“तुम्ही दोघं घ्या. आलोच.”

आईने गाडी काढली. आई अधूनमधून आरशात धाकटीकडे बघत होती आणि धाकटी बाबांच्या मानेकडे. बाबा मात्र काट्यावर नजर ठेवून होते, तिसाच्या रेघेवर. वळणावर काटा जरासा हलला आणि पुन्हा रेघेवर येऊन थांबला. या वेळी त्यांनी ‘च्च’ केलं नाही.

पंपावरचा माणूस आता पार पिकला होता. गाडी ओळखून तो हसत पुढे आला आणि चालकाच्या बाजूला वाकला.

“आज रविवारी कशा काय, ताई? घालू नेहमीचे सहा?”

तेवढ्यात त्याला पलीकडे बसलेले बाबा दिसले आणि तो चपापला. त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट होतं की हे गुपित त्यानेही बावीस वर्षं पोटात ठेवलेलं होतं.

“आठ घाला,” बाबा म्हणाले. “आठ घातले की भरेल, बघा.”

“मोजून आठ? साहेब, इतकं नेमकं कोण सांगतंय?”

“दुकानाच्या मालकीणबाई.”

पंपवाल्याने आदराने आईकडे बघितलं. बाबांनी ‘नाही’ म्हणून मान हलवली आणि न वळताच अंगठ्याने मागची सीट दाखवली.